पंगतमामांचं नको

पंगतमामा जिलेबी वाढताना ताटाकडे बघत नसत, जेवणाऱ्याच्या हाताकडे बघत. कोणी "नको" म्हणत ताटावर हात आडवा धरला, की त्या बोटांवरून ते ठरवत, हे नको खरं की अजून आग्रह हवा. महाड-पोलादपूरकडच्या कितीतरी लग्नांत त्यांनी वाढप्यांची टोळी चालवली. त्यांच्या पंगतीत अन्न फारसं वाया गेलेलं मी पाहिलं नाही, आणि हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे नासाडी माझ्या नजरेतून सहसा सुटत नाही.

"माणसं दोन तऱ्हेची," ते नव्या वाढप्यांना सांगत. "एका नकोची आनि तीन नकोंची. पयल्याला परत वाढलंत तर तो चिडतो. दुसऱ्याला एकदाच इचारून फुडं गेलात तर तो उपाशी उठतो, आनि वर्षभर सांगत फिरतो."

"आनि दोन नकोंचा, मामा?"

"तो जावई. सासू बघते का, तेवढं बघायला थांबतो."

पाचाडच्या एका लग्नात हात धुताना ते माझ्याशेजारी आले. आमच्या मागच्याच गल्लीत राहत असल्यामुळे ओळख होती. "साहेब, तुम्ही एका नकोचे. वयनी तीन नकोंच्या. घरात कसं काय चालतं?"

"व्यवस्थित चालतं," मी म्हटलं.

"तुमचं चालतं हो. मी त्यांचं इचारतोय."

परतताना हेच डोक्यात होतं. कुठेही जायचं असलं की मी हिला विचारत असे, "येतेस का?" ती म्हणे, "नको, तुम्ही या जाऊन." मी जाऊन येई. तिच्या शब्दाला मान देतोय, अशी माझी समजूत. पुढच्या रविवारी चवदार तळ्यापर्यंत फिरायला चल म्हटलं. "नको." पुन्हा विचारलं. "आता कुठे?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती चप्पल शोधत होती. वाटेत म्हणाली, "आज बरं नाही का तुम्हाला?" पण परतताना तिनेच तळ्याला आणखी एक फेरी मारायला लावली.

त्या आनंदात मी मामांना जेवायला बोलावलं. बायको गेल्यापासून ते एका खोलीत एकटेच राहत. वालाचं बिरडं होतं. पोट भरल्यावर ते नको म्हणाले, तरी मी भाकरी पुढे केली. पुन्हा केली. त्यांनी दोन्ही हातांनी ताट झाकलं.

"साहेब, माझ्यावर नका चालवू. मी तुमच्यातला. एका नकोचा. लोकांना ते पटत नाय. एकदा नको म्हटलं की त्यांना वाटतं, मामाला शिंगं फुटली. म्हनून तर एकटा जेवतो."

हसले ते एकटेच. मी भाकरी परत टोपलीत ठेवली.

पुढे लग्नांत बुफे आले आणि मामांची टोळी मोडली. त्यांचा डोंबिवलीला राहणारा मुलगा त्यांना न्यायला आला. मुलगा मायाळू. मामा म्हणाले, "नको." एकदाच.

"अण्णा, चला ना."

अख्खी गल्ली त्याच्या बाजूने उभी राहिली. "जावा मामा, पोरगा येवढा न्यायला आलाय!"

मी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांचं नको खरं असतं."

तो हसला. "काका, म्हातारी माणसं आधी नकोच म्हणतात. मग रमतात."

मामांनी ते ऐकलं आणि पिशवी उचलली. मला हळूच म्हणाले, "पोरगा आईवर गेलाय. तीन नकोंचा. मी नाय गेलो तर त्याला वाटंल, बापाचा राग हाय. त्याला कसं समजवू?"

आता लग्नात आपली थाळी आपण घ्यायची आणि भिंतीच्या कडेला उभं राहून खायचं. नको म्हणायलासुद्धा समोर कोणी नसतं. ही तर अर्धपोटीच घरी येते.

रविवारी मी मामांना फोन करतो. "सून फार आग्रह करते," ते सांगतात.

गेल्या रविवारी मी विचारलं, "मामा, इकडे येता का राहायला? मुलीचं लग्न झाल्यापासून आमची मागची खोली रिकामी आहे." एकदाच विचारलं आणि थांबलो. पलीकडे पंखा फिरत होता.

"सून जेवायला बोलावतेय," बऱ्याच वेळाने ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" हिने विचारलं.

"नको म्हणाले नाहीत."

ती उठली आणि मागच्या खोलीची किल्ली शोधायला लागली.