काळोख हाय, न्या

बांगडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी मावशी काळी घोंगडी डोक्यावरून ओढून घ्यायची. जुने फोटोवाले काळ्या फडक्यात शिरत तशी माशासकट आत शिरायची. गिऱ्हाईक ताटकळत उभं. मग घोंगडी बाजूला सारून म्हणायची, "काळोख हाय. न्या."

मासळी पारखणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी कल्ले उचकून लाली बघतं, कोणी पोटावर बोट दाबतं, कोणी नुसतं नाक मुरडून भाव पाडतं. पण विकणारीनेच मासा असा घोंगडीत नेऊन तपासावा, हे रत्नागिरीच्या बाजारात मी एवढं एकच उदाहरण पाहिलं. नवी गिऱ्हाइकं गांगरत. जुनी म्हणत, "थांबा, मावशीचा जप चाललाय." त्या जपामागचं कारण फक्त मला ठाऊक होतं, आणि त्यात माझाही हात होता.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मासळी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. बाटल्या धुणं, बर्फ फोडणं, साहेबांच्या अंधारखोलीत फोटो धुवायला मदत करणं, एवढीच माझी विद्या. मावशी बंदरावरच्या मिरकरवाड्याची. आम्हाला नमुन्याची मासळी तीच आणून देई. तोंडाने फटकळ. एकदा साहेबांनाच म्हणाली होती, "मासा खायाचा असतो, भिंगातून काय बगता त्याला?"

एका सकाळी ती पाटीशिवाय आली. पदराखाली डबा होता. साहेब मुंबईला गेले होते.

"भाऊ, तुमची काळोखाची खोली उगडा."

आत शिरून मी दार लावलं. तिने डब्याचं झाकण काढलं, आणि खरं सांगतो, मी दाराला पाठ टेकवली. डब्यातले बांगडे निळसर उजेडाने पेटले होते. डोळे, कल्ले, शेपट्या, सगळं दिसत होतं. तिच्या बोटांनाही तो उजेड लागला होता.

"ह्यातलेच दोन काल दुपारी माज्या पोरीनं खाल्लान," ती कुजबुजली. "दिवेलागणीला मी मागच्या खोलीत गेलंय, बगतंय तर उरलेले हे असे. बाळंतपणाला आलीय ती, आठवा लागलाय. भाऊ, खरं सांगा. पोराच्या अंगात उजेड गेला काय?"

साहेबांच्या तोंडून मी ऐकलं होतं, की समुद्रात काही बारीक जंतू असतात, ते माशाच्या अंगावर वाढले की उजेड देतात आणि त्यांना खारं पाणीच लागतं. मी विचारलं, "मासे धुतलेस कशाने?"

तिला रागच आला. "दर्याच्या पाण्यानं! गोडं पाणी लावीन काय मी मासळीला?" गोड्या पाण्याने माशाची चव जाते, असं तिच्या आईने, आजीने सांगितलेलं. घरात कळशीभर समुद्र कायम भरलेला असे.

मी एक बांगडा नळाच्या पाण्यात बुडवला. उजेड हळूहळू मंदावला आणि गेला.

"म्हंजे गोड्या पाण्यानं विजतो?"

"हो."

"पोर वरून दोन तांबे पाणी प्यालीय," ती म्हणाली. मला हसू आलं. ती हसली नाही. "काय व्हयाचा नाय ना? नक्की ना?"

"नक्की. कालवण उकळलं की जंतू मरतात." मीच साहेब असल्यासारखा बोललो.

चार दिवसांनी खरे साहेब आले. म्हणाले, "उजेडाने काही होत नाही रे. पण मासा शिळा असेल तर बाधू शकतो. शिळा होता का?"

हे मी विचारलंच नव्हतं. तसाच सायकल हाणत मिरकरवाड्यात गेलो. पडवीत तिची लेक तांदूळ निवडत बसली होती, पोट सावरत. मावशीने मला बाहेरच थोपवलं.

"तिला ह्यातला काय म्हायत नाय. सासरला कळला तर माज्या घरचा घास परत तिच्या तोंडात जायाचा नाय."

"बांगडा कधीचा होता?"

"आदल्या दिसाचा. बर्फात होता. का वो?" तिचा चेहरा उतरला.

"काही नाही, साहेब विचारत होते," मी थाप मारली.

पुढचे दीड-दोन महिने नमुने ठेवून ती जाता जाता वळायची. "नक्की ना?" मी म्हणायचो, "नक्की." आणि दिवसभर माझं कामात लक्ष लागायचं नाही. त्या दिवसांत बांगडा माझ्या घशाखाली उतरला नाही.

मग एके दिवशी ती फाटकातूनच ओरडत आली. "पोरगी झाली! आंगोळ घातली नि पयली त्या मागच्या खोलीत नेली. दार लावलं, डोळे फाडून बगितलं. काळीकुट्ट! कुटं काय नाय!"

पोर काळी म्हणून वाडीतल्या बायका हळहळत होत्या आणि आजी त्याचीच साखर वाटत होती. मी साखर तोंडात टाकली आणि चक्क रडलो.

तेव्हापासून ती मासळी विहिरीच्या पाण्याने धुऊ लागली. "म्हातारीनं दर्या सोडलान," म्हणून बायका हसत. घोंगडी तेव्हाचीच. "आता कशाला बघतेस?" मी दहादा म्हटलं.

"नक्की काय नाय ना?"

"नक्की."

"मग बगायला काय जातं?"

पुढे माझी बदली झाली. चार वर्षांनी परत आलो, तेव्हा तिला जाऊन दीड महिना झाला होता. तिच्या जागेवर लेक बसली होती. मी बांगडे मागितले. तिने पाटीखालून तीच काळी घोंगडी ओढली.

"हे कशाला बघता?" मी विचारलं.

"आई बगायची. का, ता तिनं कधी सांगितलान नाय. तुमाला म्हायत हाय काय?"

शब्द अगदी ओठांवर आले होते. मी म्हटलं, "नाही."

ती घोंगडीत शिरली. आईपेक्षा जरा जास्तच वेळ आत राहिली.

"काळोख हाय," ती म्हणाली. "न्या."