तसली बाई

कॅफेच्या काचेच्या दारावर माझा चेहरा चिकटवला होता. मानेखालचं अंग माझं नव्हतं. ते कॉम्प्युटर गेममधल्या बाईचं होतं. आखूड चड्डी, फुगवलेली छाती, उंच टाचांचे बूट. कॉलेजच्या गॅदरिंगमधला माझा फोटो कापून कुणीतरी कॉम्प्युटरवर तिच्या धडाला जोडला होता. आत पोरं हसत होती. मी दार ढकललं तेव्हा माझाच हात माझ्या चेहऱ्यावर पडला.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. राजारामपुरीत गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले होते. मी वारणानगरची, कारखान्याच्या कॉलनीतली. वडील तिथं फिटर. कॉम्प्युटर शिकायला म्हणून कोल्हापुरात मावशीकडं राहिलेली. कॅफेत प्रोजेक्ट करायला जायचे आणि उरलेल्या वेळात मारामारीचा गेम खेळायचे. तिथं मी एकटीच मुलगी. गेममध्येही बाई एकच. मी खेळायला तीच घ्यायचे, कारण ती सगळ्यांत चपळ होती. तिचे कपडे मलाही आवडायचे नाहीत. टाचांच्या बुटात कोण मारामारी करतं? ती जिंकली की कॅमेरा तिच्या तोंडावर नाही, छातीवर जायचा. मी नजर कीबोर्डकडं वळवायचे. पण तिची लाथ माझ्या बोटांत बसली होती.

कॅफे विक्रांतचा. म्हणजे त्याच्या वडिलांचा. शाहूपुरीत त्यांचा गुळाचा मोठा व्यापार, पोराला करमावं म्हणून हे दुकान काढून दिलेलं. विक्रांतही तीच बाई घ्यायचा. त्याला कुणी काही म्हणायचं नाही. त्या आठवड्यात मी त्याला त्याच्या मित्रांसमोर हरवलं होतं. लागोपाठ. चित्र त्यानंतर लागलं.

मी ते ओरबाडून काढलं. दुसऱ्या दिवशी नवं लागलं. प्रिंटर त्याचाच.

मावशीला शेजारणीकडनं कळलं. मला वाटलं, ती माझ्या बाजूनं भांडेल. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तसल्या बाईचा खेळ खेळलीस, मग दुसरं काय हुणार?" आणि तिनं वडिलांना फोन लावला.

वडील रजा टाकून एसटीनं आले. विक्रांतच्या वडिलांनी आम्हाला कॅफेतच बोलावलं. ते खुर्चीवर, माझे वडील उभे. बाजूची खुर्ची रिकामी होती, पण बसा असं कुणी म्हणालं नाही. वडिलांनी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. विक्रांत मोबाईलशी चाळा करत बसला होता. चित्र अजून दारावरच होतं.

"पोरं चेष्टा करत्यात की," विक्रांतचे वडील म्हणाले. "पण चांगल्या घरच्या पोरीनं असलं का खेळावं? तिनं एकदा म्हणावं, मी तसली न्हाई, परत येणार न्हाई. विषय संपला. आमी चित्र काढतो."

वडिलांनी माझ्याकडं बघितलं. म्हणून टाक, असं ते न बोलता सांगत होते.

मी तोंड उघडलं. 'मी तसली' इथपर्यंत आलं आणि पुढचा शब्द निघेना. तसली म्हणजे कसली? ते कपडे तिनं निवडले नव्हते. कुणीतरी तिला काढली, कुणीतरी उघडी केली, बघणाऱ्यांनी पोटभर बघितलं आणि तसली ठरली ती. दारावर माझंही तेच झालं होतं. मग तिच्याकडं बोट दाखवून मी सुटायचं? मी चांगली म्हणून सुटले, तर उद्या जी चांगली ठरणार नाही तिचं चित्र लावायला हे मोकळे.

"मी तसं म्हणणार न्हाई," मी म्हणाले. "ती कापडं त्या गेममधल्या बाईनं निवडली न्हाईत. चित्र तुमच्या पोरानं केलंय. बोलायचं तर तेनं बोलावं."

विक्रांतचे वडील हसले. "फिटरची पोरगी लई बोलती की."

मी दारापाशी गेले, चित्र फाडलं, तुकडे विक्रांतच्या कीबोर्डवर ठेवले आणि बाहेर पडले. माफी कुणी मागितली नाही. रस्त्यात वडील एवढंच म्हणाले, "म्हणली असतीस तर काय गेलं असतं?" माझं कोल्हापूर सुटलं. उरलेलं शिक्षण गावीच झालं. विक्रांतचा कॅफे चालूच राहिला.

पुढं नोकरी लागली. स्वतःच्या खोलीत स्वतःचा कॉम्प्युटर आला. इंटरनेटवर अनोळखी लोकांशी खेळायला लागले. माईकवर माझा आवाज गेला की पहिला प्रश्न ठरलेला, मुलगी आहेस का? मग अंगावर काय घातलंयस. मग शिव्या. गेममधली बाई घेतली तर मी तसली. पुरुष घेतला तर तोंड लपवणारी. पूर्वी राग यायचा. आता नुसता शीण येतो.

ऑफिसातली एक मैत्रीणही खेळते. ती सांगते, माईक बंद ठेवत जा, मीही तेच करते, डोक्याला ताप नाही. तिचं मला कळतं. दिवसभर कामावर ऐकून आल्यावर घरी पुन्हा कोण ऐकेल?

पण मी बंद ठेवणार नाही. मला जी बाई घ्यायची ती घेईन आणि माझ्याच आवाजात खेळेन. ज्याला ऐकवत नाही, त्यानं उठून जावं. मी एकदा त्या कॅफेतनं उठून गेलेय. आता नाही.