ज्यांना शिंपला बांधता येईना: संभाजीनगर ते मालवण

मालवणला गेलो ते फिरायला म्हणून नाही. माझ्या थोरल्या भावाची मुलगी पल्लवी तिथं एका संशोधन केंद्रात काम करते. समुद्रातल्या कवचाच्या प्राण्यांवर, म्हणजे कालवं, तिसऱ्या, शंख यांच्यावर. तिला सिल्लोडकडच्या एका घरातून मागणी आली. बैठकीत मुलाचे काका म्हणाले, “समुद्र कुठं, आपण कुठं! शिंपल्यांचं शिकून इकडं काय करणारे पोरगी? आधी तिला घरी आणा, मग पुढचं बोलू.” सगळे हसले. माझं डोकं तिथंच सणकलं. अण्णा, म्हणजे माझा भाऊ, मान खाली घालून बसला होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, “चल माझ्यासंगं. ती तुझं ऐकती.”

“येते. पण तिला परत ये म्हणून मी सांगणार नाही.”

“तू चल तर खरं.”

संध्याकाळी संभाजीनगरहून कोल्हापूरची स्लीपर बस धरली. जाणाऱ्यांसाठी सांगते, अहिल्यानगरच्या अलीकडं जेवणाला थांबते, पण तिथली भाजी नुसती तेलात पोहते. घरून चटणी-भाकरी घ्या. सकाळी कोल्हापुरात उतरलो. तिथून फोंडा घाटानं मालवणला जाणारी लालपरी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट. घाटात उजवीकडची खिडकी धरलीत तर दरी दिसते, आणि उलटीची गोळी विसरू नका. आमच्या वडिलांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. अण्णाकडं आता वैजापूरजवळ थोडी शेती आहे आणि थोडी मेंढरं. घाटात तो खिडकीला नाक लावून डोंगर बघत होता. मग म्हणाला, “एवढं गवत, आन् एक मेंढरू नाय!”

मालवणात एका बाईंच्या घरगुती खोलीत उतरलो. खोली स्वच्छ, पंखा जोरात, अंगणात माड. “खंयसून इलास?” त्यांनी विचारलं. गावाचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, “इतक्या लांबसून? आधी जेवा, मगे बोला.” ताटात तिसऱ्यांचं सुकं, भात आणि सोलकढी. अण्णा माळकरी, त्यानं भात आणि कढीच घेतली. मी तिसऱ्या खाल्ल्या. एक कवच माझ्या बोटांत सहज मोडलं, तेव्हा आम्हाला भेटायला आलेल्या पल्लवीला विचारलं, “हे समुद्र बिघडला म्हणून का गं?”

“आत्या, एका ताटावरून नाही सांगता येत. नदीचं पाणी, घाण, उपसा, उष्णता, कारणं खूप असतात. उद्या केंद्रावर या. तिथं एकच गोष्ट बदललेली आहे, ती दाखवते.”

केंद्र म्हणजे किनाऱ्याजवळची बैठी इमारत. आत निळ्या टाक्या, नळ्या, पंपांची घरघर. पल्लवीनं दोन टाक्या दाखवल्या. दोन्हींत एकाच कालवाची पिल्लं, खाणं तेच, ऊब तेवढीच. एकीत आजचं समुद्राचं पाणी. दुसरीत तेच पाणी, फक्त त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडलेले. आपण असेच वागत राहिलो तर पुढं समुद्रात हा वायू जितका मुरेल, तितका.

“गाड्या, कारखाने, वीजकेंद्रं, सगळ्यांचा हा वायू हवेत जातो, आणि त्यातला मोठा वाटा समुद्र पितो,” ती म्हणाली.

“मग आंबट होतं व्हय पाणी?” अण्णानं विचारलं.

“लिंबासारखं नाही, अण्णा. पण त्या बाजूला सरकतं. चुन्याचं कवच बांधायला ज्या कार्बोनेटची गरज असते, ते पाण्यात कमी पडायला लागतं. मोठं कालव कसंबसं निभावतं. अंगातली ताकद कवचावर खर्च करतं आणि वाढीत मागं पडतं. पिल्लाकडं तेवढी ताकदच नसते.”

तिनं सूक्ष्मदर्शकावर काच ठेवली. आधी मी पाहिलं. पहिल्या टाकीतली पिल्लं इंग्रजी डी अक्षरासारखी, पारदर्शक, एका बाजूनं सरळ, दुसरीकडून गोल. इतकी नीटस, की मला हसू आलं. मग दुसरी काच. पिल्लं बारीक. सरळ असायची ती कड आत दबलेली. कुणाची झाकणं वाकडी, कुणाची मिटतच नव्हती. तरी ती हलत होती. त्या अर्ध्याउघड्या कवचात बारके केस सारखे वळवळत होते. मी चटकन मान वर केली.

अण्णा डोळा लावून उभा राहिला. मग विचारलं, “जगत्यात का ही?”

“थोडी जगतात. बरीच नाही.”

“गाभण मेंढीला चुना कमी पडला की असंच. कोकरू उभं राहत नाय.” तो दुसऱ्या टाकीकडं बघत राहिला. “पर तिला आपण चारू शकतो. ह्यांना कोण चारणार?”

पल्लवीनं वाकून बुडबुड्यांची नळी नीट बसवली. मला मात्र बैठकीतलं ते हसू आठवलं आणि कान तापले. समुद्र कुठं, आपण कुठं! आमच्याकडं वाळूजच्या कारखान्यांच्या रस्त्यावर धूर सोडताना कुणाला वाटतं का, की हा इथंच थांबणार आहे? आपण ज्यांना कधी पाहिलंही नाही, त्यांच्या लेकरांच्या अंगावरचं छप्पर आपण काढून घेतोय, आणि वर शिकणाऱ्या पोरीला हसतोय!

तिसऱ्या दिवशी बोटीनं प्रवाळ पाहायला गेलो. ओहोटीला पाणी नितळ असतं, तेव्हाच जा. दर ठरलेले असतात, घासाघीस नको. आणि कृपा करून प्रवाळावर पाय ठेवू नका. ते दगड दिसतात, पण तेही प्राणीच. बारीक जीव पिढ्यान्‌पिढ्या चुन्याचं घर बांधत राहतात, त्याचं ते रान. पल्लवी म्हणाली, हे पाणी त्यांनाही जड जातं. बांधायचा वेग मंदावतो आणि बांधलेलं ठिसूळ होतं. मी तोंडात नळी धरून खाली पाहिलं. पिवळट, तपकिरी, मेंदूसारखे गोळे, मधून निळे मासे. मी एवढी थोराड बाई, पाण्यात आरडत होते. अण्णाला पोहता येत नाही, तो बोटीतच बसून होता.

आमच्याच बोटीत चौघा पुरुषांचा एक गट होता. त्यातला एक पाण्यातून वर आला तो हातात प्रवाळाची तोडलेली फांदी घेऊन. अजून ओली, चिकट. “शोकेसमध्ये भारी दिसेल,” म्हणत त्यानं ती टॉवेलात गुंडाळली. बोटवाला दुसरीकडं बघत राहिला. त्याचाही मला संताप आला.

पल्लवी शांतपणे म्हणाली, “काका, ते जिवंत आहे. आणि तोडायला कायद्यानं बंदी आहे.”

“मॅडम, एवढा मोठा समुद्र आहे. एका तुकड्यानं काय होतंय?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णा उठला. हलत्या बोटीत, काठाला धरून. “ए दादा, ज्याला आदीच हाड बांधता यीना, त्याचं बांधल्यालं मोडून नेतो व्हय तू? माझ्या कोकराचा पाय मोडून शोकेसात ठिवशील का?”

तो माणूस हसायला गेला, पण त्याच्याबरोबरचेही हसले नाहीत. “ए, टाक ना यार,” त्यातलाच एक म्हणाला. तेव्हा कुठं त्या माणसानं फांदी पाण्यात फेकली. पल्लवी हळूच म्हणाली, “आता ती जुळणार नाही.”

निघायच्या सकाळी मालवणच्या स्टँडवर मी वाट पाहत होते, अण्णा आता तरी लेकीला परत यायचं विचारेल म्हणून. त्यानं फक्त विचारलं, “तुझं काम कधी पुरं व्हतंय?” ती म्हणाली, “अजून दोन वर्षं तरी.” त्यानं मान डोलावली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून बसमध्ये चढला.

घरी आल्यावर आठवड्यानं सिल्लोडची मंडळी आली, माझ्याच घरी, संभाजीनगरच्या सिडकोत. चहा झाला. काकांनी विचारलं, “मग, आणली का पोरगी?”

“नाय,” अण्णा म्हणाला. “तिचं काम चालूय.”

“कसलं काम? कालवं मोजायचं?”

यावेळीही हशा पिकला. अण्णा नाही हसला. तो त्यांना सांगायला लागला, त्याच्या पद्धतीनं, धुराचं, पाण्याचं, वाकड्या निघालेल्या पिल्लांचं. सगळंच नीट सांगता आलं नाही. कार्बोनेट शब्दावर अडला, मी पुरवला. काका मोबाईल बघत होते. मुलगा मात्र ऐकत होता. त्यानं एक प्रश्नही विचारला, पण काकांनी त्याला उठवलं. “समुद्र सुधारल्यावर कळवा,” दारात चपला घालता घालता ते म्हणाले. स्थळ तिथंच मोडलं.

त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. वहिनी, म्हणजे पल्लवीची आई, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझाही राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मालवणची सोलकढी, घाट, निळे मासे, सगळं छान होतं, जरूर जा. पण सिग्नलला गाड्या गुरगुरत उभ्या असतात, तेव्हा मला ती दुसरी काच दिसते. मिटू न शकणारं झाकण, आणि आत चाललेली वळवळ.

काल अण्णाचा फोन आला. मला वाटलं, नवं स्थळ आलं असेल. तो म्हणाला, “पल्लवीला इचार, त्या दुसऱ्या टाकीतली किती उरली.”