मीटरकाकांची शेवटची मूळ संख्या

मीटरकाका टॅक्सी चालवतात. गाडी किती किलोमीटर धावली तो आकडा ते रस्त्यापेक्षा जास्त बघतात, म्हणून हे नाव. मूळ संख्या आली, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी, की काका हॉर्न वाजवतात. गिऱ्हाईक दचकतं.

हा नाद त्यांना एकट्याला नाही. माझ्या खोलीखाली शिवणकामाचं दुकान आहे. तिथल्या बाई मशीन चालवता चालवता कुठल्याही आकड्याचे अवयव पाडतात. काका रोज गाडीवरचा आकडा घेऊन येतात. बाई मान वर न करता म्हणतात, "एकतीसनं जातो. पुढचा आणा."

वर्षभर काका त्यांना लग्नाचं विचारणार होते. मुहूर्त अर्थातच मूळ संख्येचा. दर वेळी जीभ टाळ्याला चिकटायची. मग मला सांगायचे, "पुढच्या मूळ संख्येला विचारतो. अशा संख्यांना काय तोटा आहे?"

तोटा पडला. गाडी म्हातारी, आकड्याला घरं सहाच. सगळीकडे नऊ झाले की पुन्हा शून्य. काकांच्या हिशेबानं शेवटची मूळ संख्या ९९९९९१. तेव्हाही विचारलं नाही, तर कधीच नाही. रविवारी दुपारी त्यांनी बाईंना फिरायला नेलं. धीर द्यायला मागे मी.

दवाखान्याच्या वळणावर ९९९९९१ आला. काकांनी गाडी कडेला घेतली. घसा खाकरला.

"बाई, या मूळ संख्येच्या साक्षीनं..."

"कुठली मूळ? सतरानं भाग जातो की हिला."

काका पांढरेफटक. "मी तेरापर्यंत तपासलं होतं."

"आणि मग?"

"डोळा लागला."

"शेवटची मघाशीच गेली. ९९९९८३. पंपावर टायरच्या हवेवरून भांडत होतात ना, तेव्हा."

मी साहित्याचा पदवीधर. अशा वेळी उपयोगी पडेल अशी एक ओळ मला आठवेना.

काकांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न वाजतच राहिला. बाई इतक्या हसल्या की चष्मा पडला.

"अहो, शून्यानंतर दोन येईल ना! तोही मूळच. अकरा किलोमीटर फक्त. काढा गाडी."

आम्ही चौकातल्या कारंज्याभोवती फिरत राहिलो. दर फेरीला बाई ट्रॅफिक पोलिसाला हात करत. तिसऱ्या फेरीपासून तोही करू लागला.

सहाही नऊ एकदम उलटले. तिघंही किंचाळलो.

एक आला. काका आशेनं म्हणाले, "एक मूळ असतो का हो?"

"नसतो. दम धरा."

दोन आला. काकांनी तोंड उघडलं आणि उचकी लागली. पाठोपाठ दुसरी. कारंजं दोनदा मागे पडलं.

"काका, दोन चालला!" मी ओरडलो.

"तीनही मूळच," बाई म्हणाल्या. "पण चारला मी उतरणार."

तीन आला.

"माझ्याशी... उक्... लग्न..."

"हो म्हटलं ना! आधी समोर बघा!"

म्हटलं नव्हतं. पण तेवढं अचूक कोण बोलतं?