वरचं वारं

डिस्क गोल्फची माझी एक चकती बदनापूरच्या आमच्या विहिरीच्या तळाशी आहे. त्या सकाळी उरलेल्या दोन फेअरवे ड्रायव्हरमधली, म्हणजे लांब फेकायच्या चकत्यांमधली, एक निवडायची होती. समोर रानात चकती पाडायची साखळ्यांची टोपली आणि तिच्या उजवीकडे तीच विहीर. लाल चकती सरळ जायची, पण समोरून वारं आलं की उजवीकडे कलायची. निळी ओव्हरस्टेबल, वाऱ्याला न जुमानणारी, शेवटी हमखास डावीकडे पडणारी.

मी चिमूटभर माती सोडून पाहिली. ती सरळ पायाशी पडली. वारं नाही असं ठरवून मी लाल उचलली.

पुढे खळ्यात चुलती तिवईवर उभी राहून मूग उफणत होती. तिनं सूप थांबवलं. "खालचं वारं काय बघून राह्यला? वरचं बघ."

मी निळी घेतली. ती डावीकडे पडणारच, म्हणून विहिरीच्या रोखानं फेकली. काठावर ती क्षणभर तरंगत राहिली. मग ती वळली आणि साखळ्यांत खणखणली.

चुलतीनं पुन्हा सूप उंच धरलं आणि भुस्कट उडून सरळ माझ्याकडे आलं. सकाळपासून मी तिच्यावर खेकसत होतो, "काकू, तुमचं भुस्कट सारखं माझ्या तोंडावर येतंय."