आत्याच्या कॅसेटवरची चिकटपट्टी

नौपाड्यातल्या शाळेत गणित शिकवणारी, कडक इस्त्रीची साडी नेसणारी आमची आत्या रविवारी दुपारी दार लावून नाचायची. समोर टीव्ही आणि त्यावर चार परदेशी गायक. त्या जुन्या बँडच्या सगळ्या गाजलेल्या गाण्यांची व्हिडिओ कॅसेट तिला एका मैत्रिणीने परदेशातून आणून दिली होती. गाण्यातले शब्द तिला निम्मेच कळायचे, पण पावलं सगळी पाठ होती. मलाही ओढायची. "अगं, मोज. चार, चार, आता वळ."

तिच्या थोरल्या भावाला, डोंबिवलीच्या नानाकाकाला, हे खपत नसे. "पन्नाशी आली तुझी. लोक बघतात," तो म्हणायचा. आत्या खिडकी लावून घ्यायची आणि पुढचं गाणं लावायची.

एकदा "बघतो तरी काय आहे" म्हणून तो ती कॅसेट घेऊन गेला. महिन्याने परत दिली. आत्याने लावली, तर गाण्यांच्या जागी सोसायटीच्या पूजेतलं त्याचं भाषण. "चुकून झालं," तो म्हणाला. आत्याने कॅसेट हातात घेऊन फिरवली. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कडेला एक खाच असते; ती झाकली तरच वर रेकॉर्ड करता येतं. त्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली होती.

"चुकून कुणी एवढी सरळ पट्टी कापत नाही, नाना," ती म्हणाली. त्यानंतर ती कधी नाचली नाही.

भांडलीही नाही. भाऊबीजेला नानाकाका आला, ओवाळून झालं आणि तिने तीच कॅसेट लावली. "बस. तुझं भाषण आहे." पहिल्या वर्षी तो खूश झाला. तिसऱ्या वर्षी चुळबुळ करत म्हणाला, "पुरे आता." आत्या म्हणाली, "थांब, आभार राहिलेत." खास त्या एका दिवसासाठी तिने व्हीसीआर दोनदा दुरुस्त करून घेतला. पुढे पुढे नानाकाकाची नातवंडंच त्याची वाक्यं त्याच्या आधी म्हणू लागली. त्याची मान खाली जायची. मला ते बघायला आवडायचं, हे कबूल करते.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मी फोनवर तीच गाणी शोधून तिला दाखवली. पांघरुणाखाली तिची पावलं हलत होती. "हीच ती," ती म्हणाली. "पण आता गुडघे कुठून आणू?"

पावसाळ्यात ती गेली. तेराव्याला पंगतीत नानाकाका डोळे पुसत म्हणाला, "शेवटी तिनं मला माफ केलं." आणि माझ्याकडे बघितलं, कारण शेवटपर्यंत तिच्याजवळ मीच होते. सगळ्यांचे हात थांबले. मी नुसती मान हलवली असती तरी त्याला पुरलं असतं.

"नाही केलं, नानाकाका," मी म्हणाले. "मीही नाही."

तो भरल्या ताटावरून उठला. मी त्याला बस म्हटलं नाही.