कल्याणप्पांचा फळा आणि बानूबाईंचा ट्रान्झिस्टर

कै. कल्याणप्पा शिवमूर्ती कलशेट्टी. जन्म इ.स. १९०८, मुरूम, मृत्यू २३ जानेवारी १९६७, उमरगा. व्यवसाय रेडिओ-दुरुस्ती.

उमरग्याच्या डाकघरात मी तेरा वर्षे पोस्टमास्तर होतो. रेडिओचा वार्षिक परवाना डाकघरातूनच मिळत असल्याने गावातील प्रत्येक संच मला नोंदीने ठाऊक होता. कल्याणप्पांना तो आतून ठाऊक असे. आमचा स्नेह त्यातून जडला.

निजामाच्या अमदानीत त्यांनी हैदराबादेत रेडिओ-दुरुस्तीच्या एका कारखान्यात अकरा वर्षे काम केले. पोलीस ॲक्शननंतर ते परतले आणि १९५१ साली हमरस्त्यालगत त्यांनी एका खणाचे दुकान घातले. गावात तेव्हा वीज नव्हती. रेडिओ विटेएवढ्या बॅटरीवर चाले. एक तार बांबूवर चढवावी लागे आणि दुसरी कोळसा व मीठ घातलेल्या खड्ड्यात पुरावी लागे. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालण्याचे लोक विसरत आणि आवाज बसला म्हणून संच उचलून आणत. मग कल्याणप्पा म्हणत, "बैलाला पाणी पाजता न्हवं? मग ह्यालाबी पाजा की. मला कशाला दाखवता त्याची जीभ?"

दुकानाबाहेर त्यांनी शाळेतून बाद झालेला एक फळा टांगला होता. रविवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी लिंगपूजा आटोपून ते त्यावर नव्या संचांची बातमी आणि आपले मत लिहीत. 'पाच व्हॉल्व्हचा नवा संच आला आहे. आवाज भरदार. बॅटरी फार खातो. सोलापुरास वीज असलेल्या नातेवाइकांनी घ्यावा, आपण घेऊ नये.' मागची पाठ उघडून, तीन दिवस ऐकल्याखेरीज ते मत देत नसत. आसपासच्या वीस गावांत त्या फळ्याला विचारल्यावाचून रेडिओ खरेदी होत नसे, हे मी परवान्यांच्या नोंदींवरून सांगू शकतो.

त्यांच्या कामाची आणखी एक रीत सांगितली पाहिजे. संचातील दोष काढून झाला की ते तेवढ्यावर थांबत नसत. शेगडीत तापविलेले, तांब्याच्या जाड टोकाचे लोखंड घेऊन ते आतील एकूण एक जोडाला नव्याने डाख देत. ज्या जोडाला काही झालेले नाही, त्यालाही. "माझ्या हातचा संच वर्षाच्या आत परत आला तर दुकान मोडीन," असे ते म्हणत, आणि मोडण्याची वेळ आली नव्हती.

१९६१ साली फळ्यावर लिहिले गेले : 'ट्रान्झिस्टर नावाचा हातातला रेडिओ आला आहे. आवाज डबीतला. आत दिव्यासारखा उजळणारा व्हॉल्व्ह नाही. काय जिवंत आहे आणि काय मेले आहे ते दिसत नाही. घेऊ नये.' माझ्या माहितीप्रमाणे, पाठ न उघडता दिलेले हे त्यांचे एकमेव मत. मी तसे त्यांना बोललोही. ते म्हणाले, "मास्तर, खेळण्याची पाठ कोण उघडतं?"

दोन वर्षे लोकांनी ते मत पाळले. सरकारी दवाखान्यातील दाई बानूबाई यांनी मात्र सोलापूरहून ट्रान्झिस्टर आणला. बाळंतपणासाठी त्यांना गावोगाव जावे लागे आणि कित्येकदा दोन-दोन दिवस परक्या घरी बसून राहावे लागे. १९६३ च्या श्रावणात, घेतल्यापासून दोन महिन्यांतच, तो संच एकाएकी मुका झाला. जवळ दुसरा कारागीर नव्हता. त्या कल्याणप्पांच्या दुकानात आल्या तेव्हा मी आणि शेजारच्या चहाच्या हॉटेलचे मालक बब्रुवान तेथेच होतो.

"काय बाई, मेलं का लेकरू?" बब्रुवान म्हणाले. "फळा वाचायचा हुता की!"

"वाचला हुता," बानूबाई म्हणाल्या. "अप्पांचं ते खोकं डोक्यावर घिऊन मी तुरोरीला जाऊ व्हय? तुमी येता का बांबू धराया?"

कल्याणप्पाही हसले. त्यांनी प्रथमच ट्रान्झिस्टरची पाठ उघडली. बॅटरीकडे जाणारी एक तार तुटली होती, एवढाच दोष होता. ती त्यांनी जोडली आणि संच वाजू लागला. बानूबाईंनी हात पुढे केला.

"थांबा बाई, संध्याकाळी न्या," ते म्हणाले. "अर्धं काम म्या देत न्हाय."

त्या दुपारी त्यांनी आपल्या रीतीप्रमाणे सर्व जोडांना डाख दिला. आत व्हॉल्व्हच्या जागी डाळीच्या दाण्याएवढी धातूची टोपणे आणि त्यांचे केसासारखे तीन-तीन पाय. त्या पायांना त्यांनी ते शेगडीतले लोखंड टेकविले. व्हॉल्व्हच्या बैठकीला ती आच सोसत असे. या दाण्यांना सोसली नाही. संध्याकाळी संचातून खरखरही येईना.

"सकाळी वाजला हुता की हो अप्पा," बानूबाई म्हणाल्या.

"माझ्या हातून गेला, बाई. मी चालू करून देईन."

त्या गेल्यावर बब्रुवान म्हणाले, "बरंच झालं म्हणा. रविवारी लिवा, ट्रान्झिस्टर दोन महिन्यांत मरतो. तुमचं म्हणणं खरं झालं. बाई काय पंचनामा करनार हायेत?"

तसे लिहिले असते तर लोकांनी मानले असते, आणि दुकान आणखी चार-पाच वर्षे चालले असते. हे कल्याणप्पांना कळत होते; मलाही कळत होते.

रविवारी फळ्यावर पुढील मजकूर होता : 'बानूबाईंचा ट्रान्झिस्टर माझ्या हाताने बिघडला. दोष संचाचा नाही. मागील मत पाठ न उघडता दिले होते, ते रद्द समजावे. क. शि. कलशेट्टी.'

लोकांचा त्या फळ्यावर विश्वास होता, तो याही वेळी त्यांनी ठेवला. दिवाळीपर्यंत एकवीस नवे परवाने निघाले; त्यांतील एकोणीस ट्रान्झिस्टरचे. ते संच बिघडले तेव्हा कोणी कल्याणप्पांकडे आणले नाहीत. त्यांनीच लिहून सांगितले होते, आणणार कोण? सोलापूरला जाणाऱ्या मोटारीत मांडीवर ट्रान्झिस्टर घेतलेले गिऱ्हाईक त्यांच्या दुकानासमोरूनच जाई.

ते शिकले नाहीत असे नाही. पंचावन्नाव्या वर्षी ते सोलापुरास एका दुकानात महिनाभर जाऊन बसले. तेथे विजेवर तापणारे, पेन्सिलीएवढे लोखंड होते. त्यांचा हात जड पडे. नजर त्या पायांवर ठरत नसे. परत आल्यावर त्यांच्या पत्नी शरणम्मा यांनी विचारले, "जमलं का?" त्यांनी कानडीत नाही म्हटले, "इल्ल." पुढे तो विषय घरात निघाला नाही.

बानूबाईंच्या संचासाठी त्यांनी मुंबईहून ते दाणे दोनदा मागविले. दोन्ही वेळा निराळ्या क्रमांकाचे आले. मधल्या काळात वापरण्यासाठी त्यांनी घरचा पाच व्हॉल्व्हचा रेडिओ बाईंकडे पोहोचविला. बाईंनी तो खोलीत ठेवून घेतला; गावोगाव मात्र त्या रेडिओवाचूनच जात. १९६५ साली त्यांची तेर गावच्या दवाखान्यात बदली झाली, तेव्हा तो रेडिओ त्यांनी पुसून परत केला.

शेवटच्या वर्षी फळ्यावर काही नसे. कल्याणप्पा दुकान वेळेवर उघडत, शेगडी पेटवीत आणि बसत. पौषात छातीत कळ येऊन ते गेले.

शरणम्मांच्या विनंतीवरून दुकानातील संचांची व्यवस्था मी केली. नऊ संच होते. चौघांनी आपले संच नेले. तिघांनी, घरी ट्रान्झिस्टर आहे, आता जागा नाही, असे सांगितले. त्यांचे परवाने मी रीतसर रद्द केले. एकाच्या मालकाचा पत्ता लागला नाही. नववा बानूबाईंचा. तो, मुंबईहून आलेल्या निरुपयोगी दाण्यांच्या दोन पुड्यांसह, मी तेरला रजिस्टर पार्सलने पाठविला. पोच आली. तिच्यावर बाईंची सही होती आणि खाली लिहिले होते : 'जसा होता तसा मिळाला.'